आईच्या डोंगरावरचा झेंडू

आमच्या घरात बारसं असो की साखरपुडा, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "आत्या, तो आप्पांचा झेंडू सांग की." आणि मी सांगते. इतक्यांदा सांगितलाय की माझ्या भाच्यांना तो माझ्यापेक्षा नीट पाठ झालाय. एखादी गोष्ट मी मागंपुढं केली तर मध्येच थांबवून दुरुस्त करतात. म्हणून या वेळी लिहूनच काढते. लिहिताना कोणी मध्ये बोलत नाही, हा मोठा फायदा.

आमचं घर केंदूरला, आणि फुलांचं. फुलांचं म्हणजे कवितेतलं नव्हे. झेंडू, शेवंती आणि अस्टर, अशा तीन पिकांचं. माझं नाव शेवंता ठेवलं ते शेवंती जोरात आली त्या वर्षी. धाकटीच्या वेळी अस्टरला बाजार चांगला होता, पण आई वेळीच आडवी आली, म्हणून ती सुनंदा झाली. पहाटे डोळे उघडायच्या आधी कानावर यायचा तो वाफ्यातून फुलं खुडल्याचा टक् टक् आवाज, मग बायकांचं हसणं, मग रस्त्यावरून टेम्पोवाल्याचा घाईघाईचा हॉर्न. ओसरीवर झेंडूचा ढीग असायचा आणि त्याच्या कडेला आम्ही झोपायचो. त्या वासाची इतकी सवय की बाहेरच्या भाकरीला तो नसला तर मला ती अळणी लागायची. शिरूरच्या कॉलेजात पहिल्या दिवशी बाईंनी माझी पिवळी बोटं बघून विचारलं होतं, "हळद लागली का गं?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

कचरा हा शब्द आमच्या घरात फारसा वापरात नव्हता. भाजीची देठं शेळीला, उरलंसुरलं कुत्र्याला, राख भांड्यांना, शेण आणि झाडलोट उकिरड्यावर, आणि उकिरडा पाऊस यायच्या आधी वावरात. दुधाच्या पिशव्या आई धुऊन दोरीवर वाळत घालायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या घरात कोणीतरी पांढरे रुमाल फार वापरतंय. बाहेर जाऊन काही खाल्लं तर सालपट बांधाला भिरकावायचं. त्यात चूक काय ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायचं कारणही नव्हतं. बांधावर टाकलेलं आठवड्यात दिसेनासं व्हायचं. आता माझी मुलगी घरात तीन रंगांच्या तीन बादल्या ठेवते आणि मी कुठल्या बादलीपाशी थबकते यावर लक्ष ठेवते. तिला वाटतं मी मागासलेली आहे. असू दे.

तर कॉलेजात मीनाताई होत्या. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायच्या, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. वडील मालगाडीवर गार्ड. त्यांनी दिलेली शिट्टी मीनाताईंच्या गळ्यात कायम असायची, आणि त्या ती वाजवायच्याही तशाच, म्हणजे ऐकणारा जागीच थांबावा किंवा ताबडतोब सुटावा. सुट्टीच्या दिवशी त्या पोरापोरींना डोंगरावर घेऊन जात. त्यांच्याबरोबर जायचं हे माझ्या मनात असं बसलं की जेवताना घास हातात राहायचा. मी केंदूरच्या माळावर वाढलेली. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. डोंगर मी लांबून, निळ्या रंगात पाहिलेले. त्यावर माणसं चढतात, तीही काही काम नसताना, हे ऐकूनच मला कसंतरी व्हायचं, पण चांगलं कसंतरी.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर काय हाय?"

"देवीचं देऊळ आहे. आईचा डोंगरच म्हणतात त्याला."

"मग मी बी येतो."

झालं. सगळ्या कॉलेजात वडिलांना घेऊन ट्रेकला गेलेली मुलगी मी एकटीच. पायात पीटीचे पांढरे बूट, अंगावर आईनं नवं शिवलेलं, आणि मागं पटका बांधलेले आप्पा. त्यांच्या खांद्यावर झेंडूचं पोतं. दसरा-दिवाळी होऊन गेलेली, बाजार पडलेला, फुलं झाडावरच पिकून पिकून जड झालेली. "वाया जाण्यापरीस देवीला जात्याल," आप्पा म्हणाले. आईनं आमच्या दोघांसाठी दशम्या, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी दिली. आईचं 'दोघांसाठी' म्हणजे एसटीतले सगळे प्रवासी आणि ड्रायव्हर धरून.

त्या चढणीचं काय सांगू! पहिल्या टेकाडावरच माझा श्वास गावाकडं परत गेला. पण खाली बघितलं आणि शेतं चौकटीच्या गोधडीसारखी दिसली, तेव्हा मी इतक्या मोठ्यानं "आप्पाऽ!" म्हणून ओरडले की आप्पांनी साप समजून काठी उगारली. वर पोहोचलो तर वारा असा की वेणी सरळ आडवी. मी नुसती या कडेवरून त्या कडेवर पळत होते. मीनाताईंनी शिट्टी वाजवून मला दोनदा थांबवलं आणि तिसऱ्यांदा नाद सोडला.

जेवणं झाली आणि भांडण सुरू झालं. मीनाताईंचा नियम एकच, जे वर आणलं ते खाली न्यायचं. बिस्किटाचा कागद, सुतळी, अगदी संत्र्याची सालसुद्धा. प्रत्येकाला एक पिशवी दिलेली. आप्पा पिशवी उलटसुलट करून बघत राहिले.

"ताई, ह्यात काय भरायचं?"

"आपला कचरा, आप्पा. घरी न्यायचा."

"घरी?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी काही चुकीचं ऐकलं का अशा नजरेनं. "अवो, लग्नातनं कुनी खरकटं बांधून घरी नेतं व्हय? सालपाट हाय, कुजंल हितंच. मातीचं मातीला."

"कागद नाही कुजत. आणि साल कुजायला इथं कातळावर फार दिवस लागतात. तोवर येणाऱ्यानं तीच बघायची का?"

मध्ये बापू पडला. बापू कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत शिफ्ट करून आमच्याबरोबर शिकत होता आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उपाय होता. "कशाला भांडताय? सगळं गोळा करा, काडी लावतो. पाच मिन्टांत खतम. ना न्यायचं, ना टाकायचं."

"काडीपेटी इकडं दे," मीनाताई म्हणाल्या.

"ताई, फुल्ल सेफ्टीत करतो ना."

"बापू, गवत वाळलंय. डोंगर पेटवशील. दे इकडं." त्यानं दिली. दुसरी खिशात ठेवली, ते सगळ्यांनी बघितलं.

ही अशी तीन मतं त्या दिवशी मी ऐकली आणि गंमत म्हणजे मला तिन्ही पटली. ज्याचं ऐकेन त्याच्याकडं मान हलवायची, हा माझा स्वभाव लग्नानंतर फार उपयोगी पडला. आप्पांनी शेवटी कागद पिशवीत टाकला, सालपट मात्र सगळ्यांदेखत कड्याकडं भिरकावलं. मग पोतं सोडलं. देवीच्या दगडी देवळाला त्यांनी उंबऱ्यापासून शेंदरापर्यंत झेंडूनं मढवलं. अजून पोतं अर्धं भरलेलंच होतं.

"आप्पा, एवढी फुलं?" मीनाताई हळूच म्हणाल्या.

"ताई, फुलाला बी कचरा म्हनू नगा," आप्पा म्हणाले. मीनाताईंनी हातातली पिशवी घडी घालून बाजूला ठेवली. उरलेलं पोतं आप्पांनी देवळाभोवतीच्या पठारावर मूठमूठ उधळलं. वाऱ्यावर ती केशरी फुलं अशी उडाली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात.

त्यानंतर वर्षभर मी मीनाताईंच्या मागं लागून जमेल तिथं गेले, आप्पांच्या परवानगीच्या दोरीला धरून. पण गावात बोलणी सुरू झाली. चुलते म्हणाले, पोरगी डोंगरं पालथी घालती, उद्या स्थळं कोण आणंल? आप्पा कोणाला उलट बोलणारे नव्हते. भादव्यात मीनाताईंनी पुन्हा आईच्या डोंगराचं ठरवलं, रानफुलांचा हंगाम म्हणून. तेव्हा आप्पांनी मला बसवून सांगितलं, "एवढं जाऊन ये. मी बी येतो. पन हे शेवटचं. ह्याच्यानंतर बंद."

"आप्पा..."

"बंद म्हंजी बंद, शेवंते."

पितृपक्ष लागलेला. फुलाला विचारत नव्हतं कोणी, म्हणून आप्पांना सवड. एसटीत मी खिडकीशी बसले आणि ठरवलं की आज रडायचं नाही, सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं. पण पावसानं धुतलेला तो डोंगर समोर आला आणि शेवटचं-बिवटचं मी पार विसरले. पायांना वाट पाठ होती. ओढ्याला पाणी, दगडाला शेवाळ, कडेनं तेरडा गुलाबी पेटलेला. मी सगळ्यांच्या पुढं. मागून मीनाताईंची शिट्टी आणि आप्पांचं "दमानं गं, कार्टे!" एकदमच यायचं.

शेवटची पायरी चढून मी वर आले आणि उभीच राहिले.

देवळाभोवतीचं पठार केशरी झालं होतं. झेंडू. गुडघ्याएवढा, गच्च, आमच्या वाफ्यातला असावा तसा टपोरा. पठाराच्या दुसऱ्या टोकाला सोनकीचा पिवळा गालिचा होता, ओल्या कातळावर सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली, पण देवळाच्या बाजूला मात्र नुसता झेंडू आणि झेंडू.

आप्पा वर आले. पटक्याचा शेव तोंडावर धरून क्षणभर बघत राहिले, आणि मग मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, अक्षरशः पळाले. "आरं माझ्या राजा! ना खत, ना पानी, ना औषध! शेवंते, बघ की गं! ह्यो आपला हाय. आपल्या पोत्यातला!" ते एकेक फूल हातात घेऊन तोलत होते. पोरंपोरी "वाऽ" करत शिरली. बापूनं तर फूल कानावर लावलं. मलाही इतका आनंद झाला की मी आप्पांच्या पाठोपाठ उड्या मारत होते. डोंगराच्या माथ्यावर आमचं वावर! कुणाच्या बापाचं असतं असं?

शिट्टी वाजली. लांब, सिग्नल पडल्यासारखी.

"उपटायचं," मीनाताई म्हणाल्या. "सगळं."

आप्पा वळले. "काय?"

"आप्पा, इथं मागच्या वर्षीपर्यंत सोनकी होती. तेरडा होता. खाली वाकून बघा. झेंडूखाली काही राहिलेलं नाही. पुढच्या वर्षी तो पलीकडं जाईल. जनावर त्याला तोंड लावत नाही, मग थांबवणार कोण?"

"फुलावर आल्यालं झाड उपटायचं?" आप्पांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. घरात असा आवाज आला की आम्ही बहिणी परसदारी जायचो. "आमच्यात न्हाई करत. देवीच्या दारातलं फूल हाय. कुनी हात लावून दाखवा."

बापूनं कानावरचं फूल हळूच खिशात घातलं. मीनाताईंचा चेहरा लाल झालेला. मागच्या वर्षी फुलांवरून आपण गप्प बसलो, हेच त्यांना आत कुठंतरी टोचत असणार, असं मला आज वाटतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ताईंची बाजू घेतली तर आप्पा चारचौघांत दुखावणार आणि ट्रेक जन्माचा बंद. आप्पांची घेतली तर ट्रेक बंदच आहे, वर ताई पुन्हा तोंड बघणार नाहीत. मान दोन्हीकडं हलवायची माझी नेहमीची कला त्या वाऱ्यात काही कामाची नव्हती.

मी आप्पांजवळ गेले. तोंडातून निघालं ते हे, "आप्पा, अस्टरच्या वाफ्यात झेंडू उगवला तर तुम्ही काय करता?"

अस्टरच्या वाफ्यात मागच्या हंगामातला चुकार झेंडू राहिला, की खुरपणाऱ्या बायकांची आप्पा काय हजेरी घ्यायचे, ते सगळ्या आळीला ऐकू जायचं. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता डोंगरावरूनच केंदूरला फेकतात.

"ते माझं वावर हाय," ते म्हणाले.

"आणि हे?"

आप्पा देवळाकडं बघत राहिले. "हे आईचं."

"मग आईचा वाफा कोण खुरपणार?"

मग आप्पांनी खाली बसून एका झाडाच्या बुडाशी माती उकरली, खाली दबून पिवळी पडलेली सोनकीची इवलीशी रोपं बोटानं बाजूला केली. उठले. "फुलावर आल्यालं झाड मी तसंच उपटू देनार न्हाई," ते म्हणाले. मीनाताई काही बोलणार तोच ते पुढं म्हणाले, "आधी फुलं खुडायची. मग झाड. चला, लायनी धरा! ए हिरो, तू त्या कडंनं. देठासकट नगं, नखानं खुड. ताई, तुमची ती शिट्टी वाजवा, ही पोरं झोपल्याती!"

मीनाताईंनी शिट्टी वाजवली. आयुष्यात एवढ्या खुशीत वाजवली नसेल.

आणि मग जे सुरू झालं! आईच्या डोंगरावर आमच्या वाफ्यातली पहाट भर दुपारी उजाडली. टक् टक् टक् टक्, चहूबाजूंनी. ज्यांनी फूल फक्त हारात पाहिलेलं ती पोरं ओळीनं पुढं सरकत होती, ओढण्यांत फुलं भरत होती, कोणाची ओळ आधी संपते याची पैज लागली. आप्पा मुकादमासारखे मागून ओरडत होते, "ह्यो सुटला! मागं बघ! आंधळी हायस का गं, सायन्सवाली?" फुलं संपली तशी झाडं. ओल्या मातीतून मुळासकट सुटताना चर्र आवाज यायचा आणि प्रत्येक आवाजाला कोणीतरी आरोळी ठोकायचं. माझी बोटं पुन्हा पिवळीधमक झाली होती आणि या वेळी सगळ्यांचीच झाली होती. झाडांचा ढीग देवळाएवढा झाला.

"आता?" कोणीतरी विचारलं.

बापूचा हात खिशाकडं गेला.

"न्हाई!" आप्पा आणि मीनाताई एकदम ओरडले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि आप्पा हसायला लागले. "कड्यावरनं टाकलं तर खालच्या अंगाला उगवंल," ते म्हणाले. "घरी न्यावं लागतंय. आपल्या उकिरड्यावर." आणि मग जरा थांबून, "लग्नातलं खरकटं."

पिशव्या पुरेनात. ओढण्या, चादरी, बापूचा कंपनीचा कोट, सगळं भरलं. तरी एक ढीग राहिलाच. आप्पांनी डोक्यावरचा पटका सोडला. उघड्या डोक्यानं मी त्यांना घराबाहेर कधी बघितलं नव्हतं. वाऱ्यात त्यांचे पांढरे केस पिंजारले. त्यांनी पटका कातळावर अंथरला, गठ्ठा आवळला, खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या पुढं उतरायला लागले. निघताना देवीपुढं एक फूलसुद्धा ठेवलं नाही. हात मात्र जोडले, जरा जास्त वेळ.

एसटीचा कंडक्टर दारातच अडला. "काय वो, लगीन हाय का कुनाचं?"

"पितृपक्षात?" आप्पा म्हणाले.

"मग एवढी फुलं?"

"कचरा हाय," आप्पा म्हणाले, आणि तो उचलायला लागला तर त्याला म्हणाले, "दमानं. देवीचा हाय."

सगळी गाडी झेंडूनं घमघमत होती. मागच्या बाकांवर गाणी सुरू झाली होती, मीनाताई चक्क टाळ्या वाजवत होत्या. मी आप्पांशेजारी बसले होते. इतका वेळ हातपाय चालत होते तोवर विसरलेलं आता आठवलं, हे शेवटचं. शिरूर जवळ येत चाललं तसा माझा आवाज गाण्यातून कमी होत गेला. आणि मग अचानक, मी फुलवाल्याची मुलगी असल्यामुळं, एक गोष्ट माझ्या डोक्यात अशी लखकन आली की मला बाकावर सरळ बसावं लागलं.

"आप्पा," मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "झाडांची खालची फुलं पिकली होती का हो?"

"काही पिकली व्हती."

"मग बी पडलं असेल."

आप्पांनी मांडीवरच्या गठ्ठ्याची गाठ चाचपली.

"पडलंच आसंल," ते म्हणाले.

"मग पुढच्या पावसात परत..."

"उगवंल की. ग्वाड बोलून थांबतंय व्हय ते." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना कळलं होतं मी कुठं चालले आहे ते, आणि मला कळलं होतं की त्यांना कळलंय. गाडीनं एक वळण घेतलं. त्यांच्या मांडीवरचा पटक्याचा गठ्ठा कलंडला, तो त्यांनी सावरला.

"कुनीतरी जाया पायजे," ते शेवटी म्हणाले. "श्रावनात, कळी धरायच्या आधी. रोप वळखू येनारं मानूस पायजे, न्हाईतर सोनकीच उपटून येत्याल ही." गाणाऱ्या पोरांकडं त्यांनी हनुवटीनं दाखवलं. "माझं गुडघं आता न्हाई चालायचं. तू जा ताईंबरुबर. घरी मी सांगतो."

"पण चुलते..."

"त्यांना म्हनावं, खुरपायला गेलीय."

माझ्या छातीत ढोल वाजत होते. तरी मी चेहरा पाडून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, "आणि आप्पा, असं किती वर्षं जावं लागेल?"

"झेंडू हाय. एकदा पडला की तीन-चार वर्सं काय सोडत न्हाई."

"अरेरे," मी म्हणाले, जमेल तेवढ्या दुःखानं.